क्लेटनचा जकात नाका

ऑस्ट्रेलियात आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी माझ्या घरमालकाला एक किलो साखर भेट दिली. साखर कोल्हापूरची होती.

चूक एवढीच. यात दोन वर्षं पुरेल असं काय आहे, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. आईचं म्हणणं होतं की परक्याच्या घरी राहायला जातोयस तर रिकाम्या हातानं जाऊ नकोस, काहीतरी गोड ने. पेढे विमानतळावर काढून घेतात असं कुणीतरी घाबरवलेलं. तेव्हा मी अक्कल लढवली. पेढ्यात गोड काय असतं? साखर. मग मूळ मालच न्यावा. विमानतळावर मी ती इमानदारीनं जाहीर केली. तिथल्या बाईंनी पिशवी वरखाली करून पाहिली, ‘नो वरीज, मेट’ म्हणाल्या आणि सोडून दिली. ऑस्ट्रेलियाच्या कस्टम्समधून सुटलेला तो माल क्लेटन नावाच्या उपनगरातल्या एका विटांच्या घराच्या दारात अडकला.

दार उघडलं ते एका बुटक्या, ताठ गृहस्थांनी. वर डॉक्टर घालतात तसला पांढरा, कडक इस्त्रीचा डगला आणि खाली शॉर्ट्स. त्यांनी आधी माझ्या दातांकडे पाहिलं, मग साखरेकडे.

“आपण ही शर्करा कोणत्या हेतूने आणलीत?”

मला तोवर ‘आपण’ फक्त क्रेडिट कार्ड विकणाऱ्या फोनवरच्या बाईंनी म्हटलं होतं. मी गडबडलो.

“भेट म्हणून, काका.”

“मूल्य?”

“छे, मूल्य कसलं. फुकट आहे.”

त्यांनी मान मागे वळवली आणि आत कुणालातरी सांगितलं, “ऐकलंत का? शंभर टक्के सबसिडी.”

आतून बाईचा आवाज आला, “आधी त्याला बूट काढू द्या.”

काका मॉरिशसचे. त्यांचे पणजोबा कोकणातून बोटीत बसून तिकडे ऊस तोडायला गेले, किंवा नेले गेले, आणि परत आले नाहीत. काका मराठी शिकले ते संध्याकाळच्या वर्गात, कुठल्याशा जुन्या क्रमिक पुस्तकातून. त्यामुळे ते बोलायला लागले की वर्तमानपत्राचा अग्रलेख चालू झाल्यासारखं वाटायचं, मध्येच तिकडच्या क्रिओल भाषेतला ‘आयो’ टाकलेला. ‘आयो, कचऱ्याचा डबा आपण काल बाहेर ठेवणे अपेक्षित होते.’ काकी नवऱ्याशी क्रिओलमध्ये भांडायच्या आणि माझ्याशी मराठीत. त्यांच्या मराठीत बहुतेक आज्ञा होत्या. बस. खा. पाय पूस.

काकांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. आयुष्यभर त्यांनी अर्ध्या क्लेटनच्या आणि शेजारच्या ओकलीच्या म्हाताऱ्यांना दात दिले. रिटायर झाल्यावर यंत्रं विकली, डगला ठेवला. माणूस बोलायला लागला की ते त्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघत आणि तो गेल्यावर निकाल देत. पोस्टमनच्या दाढा, टीव्हीवर बोलणाऱ्या मंत्र्याचे सुळे, सगळ्यांवर त्यांचं मत होतं. माझ्या दातांवर मात्र पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले, “नंतर सांगतो.” ते नंतर काही येईना. मी आयुष्यात पहिल्यांदा दोऱ्यानं दात साफ करायला लागलो तो ह्या माणसाच्या भीतीनं.

आणि असा हा दातांचा माणूस डोक्यानं सगळा साखरेत होता. स्वतः चहा बिनसाखरेचा घ्यायचा. साखरेच्या वाटेला जायचा नाही, आणि साखरेशिवाय दुसरं बोलायचा नाही.

तर पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या साखरेची सुनावणी झाली. काकांनी मला बोलायची पूर्ण संधी दिली, हे मान्य करायला हवं. मी ती वाया घालवली, म्हणजे ‘काका, साखर साखरच असते’ असं म्हणालो. काकांनी निकाल दिला. माल भारतातला. भारत सरकार साखर बाहेर पाठवायला कारखान्यांना मदत करतं, त्यामुळे ह्या घरातल्या मॉरिशसच्या साखरेवर अन्याय होणार. तेव्हा माझी साखर ‘गोदामात’ राहील, म्हणजे लाँड्रीतल्या कपाटात, कपडे धुण्याच्या पावडरशेजारी. मी तिच्यातला एक चमचा माझ्या चहात घातला की एक चमचा जकात म्हणून स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. त्या डब्यात मॉरिशसची ब्राउन साखर होती. भाडेकरूंनी तिला हात लावायचा नाही. ती संरक्षित होती.

“आणि मी दोन चमचे घेतले तर?”

“दोन चमचे,” काका म्हणाले. “आपले दात, आपली जबाबदारी. जकात, माझी.”

भाडं इतकं कमी होतं आणि माझं युनि, म्हणजे युनिव्हर्सिटी, इतकं जवळ होतं की मी दुसऱ्या दिवसापासून जकात भरायला लागलो. पिशवी संपत आली की आई येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कोल्हापूरची नवी धाडायची.

ह्या वेडामागे इतिहास होता, आणि तो मला किमान महिन्यातून एकदा ऐकावा लागे. थोडक्यात सांगतो. काका कधीच थोडक्यात सांगत नसत. इंग्रजांच्या काळात युरोपात बिटाची साखर निघायला लागली आणि तिथली सरकारं ती परदेशी धाडणाऱ्याला बक्षिसी द्यायला लागली. त्या बक्षिसीच्या जोरावर ती साखर हिंदुस्थानच्या बाजारात स्वस्तात येऊन पडली. तेव्हा हिंदुस्थानातल्या गोऱ्या सरकारनं तिच्यावर जादा जकात बसवली. कशासाठी? तर म्हणे तिथल्या ऊसवाल्याला वाचवायला.

इथे काका थांबायचे आणि समोरच्याकडे बघायचे. पहिल्या खेपेला मी त्या थांबलेल्या जागेत बरोबर पाय ठेवला.

“म्हणजे इंग्रजांनी एकदा तरी आपलं भलं केलं,” मी म्हणालो.

काका उठून परसात गेले. खिडकीतून दिसत होतं, ते लिंबाच्या झाडाभोवती फेऱ्या मारत होते. काकी म्हणाल्या, “बिस्किट खा. वेळ लागेल.” परत आल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं की त्या बाजारात बिटाच्या साखरेशी झगडणारी दुसरी आयात साखर कुठली होती? मॉरिशसची. मॉरिशसचे मळे कुणाचे? गोऱ्यांचे. आणि तोडायला कोण? तर काकांचे पणजोबा. म्हणजे जकातीचा पाऊस पडला कुठे आणि पीक आलं कुणाच्या शेतात, हे आपल्या लक्षात यावे.

“मग पणजोबांना काय मिळालं?”

“ऊस. तो खाऊन त्यांचे दात गेले. आजोबांचेही. आमच्या घराण्यात दात असलेला पहिला पुरुष मी.”

त्यांना कुणाचीच साखर चालत नसे. मी एकदा सुपरमार्केटमधून इथलीच, क्वीन्सलंडची साखर आणली. म्हटलं, ऑस्ट्रेलियात राहतो, ऑस्ट्रेलियाची खाऊ, तंटा मिटला. तंटा मिटला नाही. क्वीन्सलंडच्या ऊसवाल्याला एके काळी सरकार बक्षिसी द्यायचं, पण तोडणारा गोरा असला तरच, हे त्या दिवशी मला कळलं. “जगात साखरेचा रंग बघतात,” काका म्हणाले, “इथे तोडणाऱ्याचा बघितला.” ती पिशवीही गोदामात गेली. मग मी युनिच्या लायब्ररीत बसून अभ्यास केला. माझा नव्हे, साखरेचा. आणि शोधून काढलं की मॉरिशसची साखर तर युरोप कित्येक वर्षं मुद्दाम चढ्या भावानं विकत घेत होता. मी विजयी मुद्रेनं घरी आलो आणि बूट काढायच्या आधीच ते सांगून टाकलं.

काकांनी डगल्याच्या बाह्या सारख्या केल्या. मग म्हणाले, “ती सबसिडी नव्हती. तो पश्चात्ताप होता.”

ऑस्ट्रेलियानं भारताच्या साखरेच्या सबसिडीविरुद्ध जागतिक व्यापाराच्या पंचांकडे तक्रार नेली होती, त्या खटल्याची काकांनी घरात दर सुट्टीला उजळणी घ्यायला सुरुवात केली. टेबलाभोवती तीन खुर्च्या. एका खुर्चीत बसून ते ऑस्ट्रेलियाचे नागरिक म्हणून आरोप करायचे, उठून दुसरीत बसले की कोकणातल्या रक्ताचे म्हणून भारताची बाजू मांडायचे, आणि तिसरीत मॉरिशस म्हणून दोघांनाही नावं ठेवायचे. मी एकदा ‘भारताच्या’ खुर्चीत चुकून जेवायला बसलो, तर त्यांनी माझ्याकडून कोल्हापूरच्या कारखान्यांचं स्पष्टीकरण मागितलं. काकी त्या तिन्ही देशांच्या पायांखालून व्हॅक्यूम फिरवायच्या. देश पाय वर घ्यायचे.

आता ह्या माणसाला आयुष्यात एक गोष्ट हवी होती, आणि तिचा साखरेशी संबंध नव्हता. निदान त्यांना तसं वाटत होतं. मॉरिशसला त्यांच्या गावी गणपती असायचा, नदीच्या मातीचा, वडलांनी हातानं केलेला. पूजेला बसायचा मान पाळीपाळीनं एकेका जोडप्याला मिळायचा. काका-काकींची पाळी आली त्याच वर्षी त्यांचं ऑस्ट्रेलियाचं विमान होतं. काकींनी पूजेसाठी घेतलेली हिरवी रेशमी साडी बॅगेत घडी घालून आली आणि तशीच घडीत राहिली. आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आपण दोघं एकदा यजमान म्हणून बसावं, एवढंच काकांचं म्हणणं. ते दर वर्षी विचारायचे. मंडळ दर वर्षी ‘बघू या पुढच्या वर्षी’ म्हणायचं.

मंडळाचाही अगदीच दोष नव्हता. मी यायच्या आधीच्या गणपतीत प्रसादाचा शिरा खाताना काकांनी उभं राहून ह्याच्यातली साखर कुठली, असा जाहीर सवाल केला होता. सगळं सामान देणारा इंडियन ग्रोसरीवाला समोरच बसलेला. तो बिचारा म्हणाला, “अंकल, मैं तो फ्री में दे रहा हूँ.” आणि काकांनी ‘फ्री’ हा शब्द ऐकला. पुढचं व्याख्यान शिरा गार होईपर्यंत चाललं.

दुसऱ्या वर्षी मी मंडळाच्या समितीत गेलो. लायकीमुळे नव्हे, मीटिंगला उशिरा पोचलो आणि तोवर सगळ्यांनी आपापली कामं नाकारून झाली होती. पूजेचं साहित्य माझ्या गळ्यात पडलं. मंडळाच्या अध्यक्षा सुमेधाताई. त्या ग्लेन वेव्हर्लीत, म्हणजे नामांकित शाळेमुळे घरं महागलेल्या भागात, राहायच्या आणि पत्ता सांगताना रस्त्याआधी शाळेचं नाव सांगायच्या. त्यांच्यापुढे मी काकांची बाजू इतक्या हिरिरीनं मांडली की त्या शेवटी म्हणाल्या, “ठीक आहे. बसू देत. पण साखर हा शब्द निघाला ना, तर मी त्यांना उठवणार आणि तुलाही.”

मी हमी दिली. माझ्या हमीवर आजवर मला कुणी मोबाइलचं कनेक्शनही दिलेलं नाही, पण सुमेधाताईंनी विश्वास ठेवला.

काकांनी अट ऐकली, डगल्याचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, “पूजा संपेपर्यंत तो शब्द माझ्या तोंडून निघणार नाही.” त्या रात्री हिरवी साडी लाँड्रीत हँगरवर लटकत होती, माझ्या गोदामाच्या दारावर. मला माझ्या साखरेसाठी साडी बाजूला करावी लागली.

पंचामृताला साखर लागते हे माझ्या लक्षात आदल्या दिवशी आलं. ग्रोसरीवाल्याची वापरली तर काका भडकणार, काकांची वापरली तर कुणीच नाही. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या त्या संरक्षित डब्यातली वाटीभर साखर काकींना विचारून घेतली. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की रात्री आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, “तू खूश आहेस म्हणजे काहीतरी राहिलंय.”

भाड्याचा कम्युनिटी हॉल, पुढच्या रांगेत ग्रोसरीवाला सहकुटुंब, आणि चौरंगासमोर काका-काकी. काका सोवळ्यात. डगल्याशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. अर्धे वाटत होते. काकींच्या साडीवर घड्यांच्या रेषा इस्त्री करूनही उमटलेल्या. गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे आणि शनिवार-रविवार पूजा. त्यांना त्या दिवशी पुढची पूजा क्रेगीबर्नला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती, त्यामुळे मंत्र फ्रीवेवरच्या वेगानं चालले होते. गळ्याला माइक. संकल्पाला त्यांनी गोत्र विचारलं. काकांना माहीत नव्हतं. ज्यांना माहीत नसतं त्यांचं काश्यप, असं म्हणून गुरुजी पुढे गेले. मला उगाचच वाटलं की आपली काळजी मिटली. सगळ्यात अवघड प्रश्न तर पार पडला होता.

मी काकांच्या मागे बसून एकेक वाटी पुढे देत होतो. ताम्हनात पितळी गणपती. दूध झालं, दही झालं, तूप, मध. प्रत्येक वेळी गुरुजी काकींना सांगायचे, काकांच्या हाताला हात लावा, आणि काकी आपली बोटं त्यांच्या मनगटाखाली टेकवायच्या. दोघांचे चेहरे असे की मला हॉलचं भाडं वसूल झाल्यासारखं वाटलं.

“आता शर्करा,” गुरुजी माइकवर म्हणाले.

तो शब्द बोलायची बंदी काकांना होती, गुरुजींना नव्हती. काकांनी वाटी घेतली आणि चमचा भरला. भरलेल्या चमच्याकडे बघत राहिले. मॉरिशसची साखर तांबूस असते. ही फिकट होती, चहात दूध जास्त झाल्यासारखी. त्यांनी दिलेला शब्द पाळला. ओठ न हलवता, मागे न बघता फक्त एवढं विचारलं, “मुलूख?”

इथे मला ‘मॉरिशस’ म्हणून थांबता आलं असतं.

“तुमच्याच डब्यातली आहे, काका,” मी म्हणालो. त्यांचा खांदा सैल पडला. ते पाहून मला इतका आनंद झाला की त्यात माझाही थोडा वाटा असावा असं वाटलं. “आणि माझीही आहेच की त्यात. दोन वर्षं जकात टाकतोय.”

गुरुजींचा माइक माझ्या तोंडापासून हातभर होता. ‘जकात टाकतोय’ हे हॉलच्या चारी भिंतींवरच्या स्पीकर्सनी पुन्हा सांगितलं.

काकांचा हात होता तिथे थांबला. त्या डोक्यात काय चाललं असेल ते मला मागूनही दिसत होतं. काकी त्या डब्यातून खिरीला, केकला साखर काढत होत्या आणि मी भरत होतो. मॉरिशसची साखर वाचवायला बसवलेल्या जकातीनं तिला चमच्या-चमच्यानं घराबाहेर काढलं होतं, आणि बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या माणसानं दोन वर्षांत झाकण उघडून पाहिलं नव्हतं. डबा हळूहळू गोरा झाला होता.

गुरुजींनी मंत्र पुन्हा म्हटला. मग तिसऱ्यांदा, घड्याळाकडे बघत. मागून एका लहान मुलीनं विचारलं, “ममा, इज दॅट अंकल बफरिंग?” ग्रोसरीवाल्यानं हाताची घडी घातली. सुमेधाताई उठल्या. त्यांचे मिस्टर कडेला पीतांबर नेसूनच उभे होते, बॅकअप म्हणून. हे मला तेव्हा दिसलं. मिस्टरांनी घड्याळ काढून झब्ब्याच्या खिशात टाकलं आणि चौरंगाकडे एक पाऊल टाकलं.

काकींनीही ते पाऊल पाहिलं. मग आपल्या पदराकडे पाहिलं. त्यांची बोटं काकांच्या मनगटाखाली होतीच, गुरुजींनीच ठेवायला सांगितलेली. त्यांनी मनगट वर उचललं आणि चमचा उपडा झाला. साखर गणपतीच्या डोक्यावर पडली, सोंडेवरून घसरली, आणि दुधा-मधात दिसेनाशी झाली.

“समर्पयामि,” गुरुजी एका श्वासात म्हणाले आणि पुढच्या मंत्राला लागले. पीतांबर मागे सरकला. काकांनी ताम्हनात वाकून पाहिलं, क्वीन्सलंडचा, मॉरिशसचा, कोल्हापूरचा कुठला कण वेगळा काढता येतो का ते. मग काकींकडे पाहिलं. काकी समोर बघत होत्या, हात त्यांच्या हाताखाली तसाच. काकांनी आरती इतक्या मोठ्यानं म्हटली की स्पीकरची गरज उरली नाही.

सगळं आटोपल्यावर मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं. काकी गाडीत बसून पंचामृताची वाटी संपवत होत्या. मी माफी मागितली. काका म्हणाले की माल आता देवाच्या हद्दीत गेलेला आहे, तिथे त्यांचा अधिकार चालत नाही. मला धीर आला. मी विचारलं, म्हणजे घरातली जकात रद्द समजायची का, लाँड्रीतली पिशवी आत आणू का, आणि मंडळातल्या लोकांनाही ही गंमत सांगितली तर चालेल का, आणि त्यात कोल्हापूरचा उल्लेख—

काका माझ्याकडे बघत होते. म्हणजे नेहमीच्या ठिकाणी, तोंडात.

“आपल्या दातांबद्दल मी मत द्यायचे राहिले आहे,” ते म्हणाले.

दोन वर्षं वाट पाहिलेला क्षण आला होता. मी उन्हाकडे तोंड केलं. “आ करू का, काका? नीट दिसतील.”

“गरज नाही,” काका म्हणाले. “उत्तम दात आहेत. दोन वर्षं रोज पाहतो आहे. आपण तोंड मिटतच नाही.”